साळवेकाकांचं आमेन

अभय गायकवाडला पायल आवडते हे चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पायललाही ठाऊक होतं, जरी अभय तिच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. ठाऊक नव्हतं ते फक्त तिच्या वडिलांना, म्हणजे साळवेकाकांना, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

पाळकसाहेबांनी तरुण संघाला बजावून ठेवलं होतं, आधी प्रार्थना, मग आईवडिलांचा आशीर्वाद, मग कॉफी. कॉफीपासून सुरुवात करणारे शेवटी आपल्याकडे रडत येतात, असा त्यांचा अनुभव होता. बाकीच्या पोरांनी हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. अभयने मात्र मनावर घेतलं. हडपसरच्या आयटी कंपनीत काम करणारा माणूस तो, वरून मंजुरी आल्याशिवाय खुर्चीसुद्धा सरकवायचा नाही.

साळवेकाका चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख. बोटं पेटीवर आणि नजर चुकणाऱ्यावर. "गायकवाड, आज तुम्ही नुसतं तोंड हलवा, देव समजून घेईल," असं ते भर तालमीत म्हणत. त्यातून थोरल्या लेकीचं प्रकरण घडलेलं. दोन वर्षांपूर्वी तिने बंगळूरहून फोन करून सांगितलं, "बाबा, आमचं लग्न झालं." जावई ख्रिस्ती, सज्जन, कमावता, नाव ठेवायला जागा नाही. पण काकांनी "मी काय मेलो होतो?" एवढंच विचारून फोन ठेवला, तो ठेवलाच. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव निघत नसे. आता पायलला पाहायला पुढच्या आठवड्यात नगरचं स्थळ येणार होतं. अभयला विचारायचं असेल तर आजच विचारायला हवं होतं.

हडपसरजवळच्या मांजरीत साळव्यांच्या फ्लॅटवर शनिवारची प्रार्थनेची घरसभा होती. अभय मुद्दाम सगळ्यांच्या आधी जाऊन पोचला.

"जय ख्रिस्त, काका."

"जय ख्रिस्त. लवकर आलात. खुर्च्या मांडायला?"

"नाही, म्हणजे... हो."

"मग मांडा."

अभयने खुर्च्या मांडल्या, सतरंजी अंथरली आणि उगाच एक खुर्ची पुन्हा सरळ केली. मग घसा खाकरला.

"काका, एक बोलायचं होतं."

"बोला."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. बस, तिथेच अभयच्या जिभेने दगा दिला. "पंखा लावू का?"

"डिसेंबरात?"

"नको मग."

तेवढ्यात माणसं यायला लागली. गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं. आतून फोडणीचा वास यायला लागला, तसे काका म्हणाले, "शेवटची प्रार्थना गायकवाड करतील. आटोपशीर करा, पोहे गार होतात."

अभयने डोळे मिटले आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आत्ता काकांचेही डोळे मिटलेले आहेत. शिवाय प्रार्थना चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही, काकासुद्धा नाहीत. अशी संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती.

"हे स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसासाठी तुझे आभार. सत्यशीलाकाकूंच्या गुडघ्याला आराम दे. आणि प्रभू, तुला माहीतच आहे, मला पायल आवडते."

एक खुर्ची करकरली. अभय आता थांबणार नव्हता.

"तिच्या आईवडिलांचा आशीर्वाद घेतल्याशिवाय मला पाऊल टाकायचं नाही. पण काकांसमोर उभा राहिलो की मी पंख्याबद्दल बोलतो. म्हणून तुझ्यामार्फत विचारतोय. त्यांचं मन वळव. येशूच्या नावाने मागतो, आमेन."

"आमेन!"

सगळ्यांत वरचा आवाज काकांचा होता. उभा जन्म प्रार्थनेच्या शेवटी तसाच खणखणीत आमेन देत आलेला माणूस. त्यांनी डोळे उघडले, आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा लालबुंद झाला.

"अहो," काकांच्या पत्नी सत्यशीलाकाकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आमेन म्हणालात."

"सवयीने म्हणालो!"

"सवयीने? म्हणजे इतकी वर्षं नुसतं सवयीनेच म्हणत होता?"

काका उठले. "गायकवाड, गॅलरीत या."

गॅलरीत त्यांनी समोरच्या उसाच्या शेताकडे बघत चष्मा काढून पुसला. अभयला वाटलं, आटोपला कारभार.

"देवाच्या आडून विचारणारा तू पहिलाच," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून 'तू' अभयने पहिल्यांदाच ऐकलं. "थोरलीने विचारलं असतं ना, तर मी नाही म्हणालो नसतो रे. आशीर्वाद तयार होता. कुणी मागायलाच आलं नाही." त्यांना वाईट वाटत होतं आणि ते लपवणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी अभयच्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला आणि म्हणाले, "जा, पोहे खा. मला एक फोन करायचाय."

नगरला करणार, हे उघड होतं. अभय हवेत तरंगतच आत आला. समोर पोह्यांची बशी घेऊन पायल उभी होती. कात्रजच्या डेअरीत ती दुधाची तपासणी करायची आणि आत्ता ती अभयकडे त्याच नजरेने बघत होती.

"देवाला विचारलंस, बाबांना विचारलंस, अख्ख्या घरसभेला ऐकवलंस. मला कधी विचारणार होतास?"

"क्रमाने... तुझाच नंबर होता."

"सगळे आमेन म्हणाले. मी नाही म्हणाले. लक्षात आलं?"

नव्हतं आलं.

"तपासल्याशिवाय मी काही पुढे सोडत नाही," पायल म्हणाली. "उद्या उपासनेनंतर कॉफी प्यायला जाऊ. मग बघू."

अभय काहीतरी बोलणार, इतक्यात गॅलरीतून काकांचा आवाज आला. तो नगरशी बोलण्याचा आवाज नव्हता.

"बाळा, मी बाबा बोलतोय. नाही, नाही, सगळं ठीक आहे, आई बरी आहे. जावई आहेत का जवळ? दोघंही ऐका. तुम्हाला आशीर्वाद द्यायचा राहिला होता, तो आत्ता देतो."

आत काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आणि अभयच्या शेजारी पायल हळूच म्हणाली, "आमेन."

ते नेमकं कशाला होतं, हे विचारायची हिंमत काही अभयला झाली नाही. त्याने तिच्या हातातली बशी घेतली आणि पोहे खायला सुरुवात केली. पार गार झाले होते.