विहीणबाईंच्या तोंडी सलगम

जुमागलीच्या रक्तात चरबी वाढली आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा माझा हा नवरा हसला होता. मी हसले नाही. त्याच संध्याकाळी घरातलं घोड्याचं चरबीदार मांस उचलून जावेकडे पोचवलं, त्याच्या चहातली साय बंद केली, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे त्याला कालव्याच्या काठानं चालायला हाकललं. डाळी, ओटची लापशी, मासे. तो मला तुरुंगाधिकारी म्हणाला, पण चालत राहिला. हळूहळू आकडा उतरला. बाहेर मात्र कुणाला काही कळू दिलं नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी बाप आजारी म्हटलं की लोक नाकं मुरडतात.

आमच्या लेकीचा, मक्पालचा, जीव दौलेतवर जडला होता. सोयरीक पक्की करायला त्याची आई रौशान आणि काका ओराल्बाय आले. दौलेतचे वडील आता नव्हते. कशानं गेले, ते आम्ही विचारलं नव्हतं.

आमच्यात सोयरीक नुसत्या बोलण्यानं पक्की होत नाही. मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि कलेजी एकमेकांना, समोरच्याच्याच ताटातून उचलून, आपल्या हातानं भरवायची. ती गिळली की व्याही झालात, मग माघार नाही. ओराल्बायचा पंजा मी दारातच पाहून घेतला होता. त्यात मावेल तेवढी चरबी माझ्या नवऱ्याच्या पोटात जाणार होती. म्हणून मी दोन ताटं केली. पाहुण्यांपुढच्या ताटात खरी चरबी आणि आमच्या ताटात उकडलेल्या पांढऱ्या सलगम कंदाच्या चकत्या, रश्श्यात मुरवलेल्या. बघणाऱ्याला फरक कळला नसता. मी स्वतःवरच खूश होते.

घोटाळा जावेनं केला. सलगम नक्षीच्या ताटात होते, आणि नक्षीचं ताट पाहुण्यांपुढे हवं म्हणून तिनं मला न विचारता ताटांची अदलाबदल केली.

मी रौशानच्या तोंडात घास घातला आणि माझी बोटं गार पडली. चरबी बोटांत निसटते. हे निसटत नव्हतं. समोर पाहिलं, तर ओराल्बायची चरबीनं भरलेली पांढरीशुभ्र मूठ जुमागलीच्या ओठांपर्यंत आली होती.

"थांबा," मी ओरडले.

मी काय बोलून बसले, ते मला तेव्हा कळलं. भरवणारा हात मुलीच्या आईनं थांबवला होता. पडद्याआडून मक्पालचा हुंदका आला.

ओराल्बायनं घास ताटात टाकला. "मुलगी द्यायची नव्हती, तर मेंढा कशाला कापलात?"

जुमागली माझ्याकडे बघतच राहिला. मग मी सगळं सांगून टाकलं. त्याचं रक्त, पहाटेचं कालव्यावरचं चालणं, माझी भीती, दोन ताटं. शरमेनं मान वर होईना.

रौशान अजून चावत होती. तिनं सावकाश गिळलं. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल.

"सलगम आहे होय," ती म्हणाली. "तरीच म्हटलं, घशाखाली इतकं हलकं कसं उतरलं."

"वहिनी, उठा," ओराल्बाय म्हणाला.

"तुम्ही बसा, भावजी. तुमच्या भावाला रोज मीच भरवायची. शेपटीतला सगळ्यात मऊ तुकडा काढून, लाडानं. जेवता जेवताच छातीवर हात ठेवून आडवे झाले. घास तोंडातच होता." तिनं ताटातल्या चरबीकडे पाहिलं. "मला कुणी थांब म्हणालं नाही."

ओराल्बाय खाली बसला.

रौशाननं आमच्या ताटातून चरबीचा एक तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. "व्याह्यांच्या वाटचा मी खाल्ला. सोयरीक झाली." मग सलगमची चकती घेऊन तिनं जुमागलीपुढे धरली. त्यानं आज्ञाधारक पोरासारखं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पडद्याआडून मक्पाल हसली की रडली, कळलं नाही.

मी विहिणीला मिठी मारणार होते, पण तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"विहीणबाई, तुमचे हे पहाटे कालव्यावर जातात ना? उद्यापासून माझ्या दौलेतलाही बरोबर न्या. त्याची अंगकाठी अगदी बापाची आहे."