मी हा कोपरा सोडणार नाही

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खांब आहे. उंचीने तुमच्या कमरेएवढा, अंगावर पोचे आणि मनात राग. तो का, ते ऐका.

एका वेल्डरने मला घडवलं आणि चौकात, सायकलींच्या पट्टीच्या कडेला, अगदी वळणावर उभं केलं. मी असेपर्यंत गाड्यांना कोपरा कापून पट्टीत घुसता येत नसे. त्यांना लांबून, हळू वळावं लागे. वेल्डरची धाकटी बहीण दवाखान्यात नर्स होती. सकाळी सायकलवरून जाताना ती माझ्या डोक्यावर टपली मारायची. "काय रे, जागा आहेस ना?" म्हणायची. तेवढ्याने मला भरून यायचं.

कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याच्या मात्र मी डोळ्यांत खुपत होतो. माझ्यामुळे त्याचा टेम्पो एका दमात वळत नसे. एका सुट्टीच्या दिवशी त्याने मला बुडापासून कापलं आणि दुकानामागे भंगारात फेकलं.

"पीडा गेली," तो हात झटकत म्हणाला.

कुठे गेली? त्याच आठवड्यात त्याचा टेम्पो वेग कमी न करता वळला आणि पट्टीतून सरळ चाललेली नर्स त्याखाली आली. तिची किंकाळी मी भंगारात पडून ऐकली. फर्निचरवाल्याने सगळं ड्रायव्हरवर ढकललं आणि दुकान चालू ठेवलं. मी गंजत पडलो. मनात एकच धोशा होता : एकदा, फक्त एकदा मला परत उभं करा!

तिचा पाय वाचला, पण कुबडी कायमची लागली. एके दिवशी वेल्डर मला शोधत दुकानामागे आला. "ऊठ, काम राहिलंय आपलं," एवढंच बोलला. रस्ते खात्यात खेटे घालून त्याने परवानगी मिळवली, माझ्या कापलेल्या बुडाला नवा तुकडा जोडला, पोटात काँक्रीट भरलं आणि मला खोल गाडलं.

मग तो दिवस उजाडला. फर्निचरवाला स्वतः नवीकोरी गाडी घेऊन, फोनवर बोलत, कोपरा कापत आला. धाडकन आदळला! गाडीचं नाक चेपलं. मी जरासा वाकलो, पण जागचा हललो नाही. खरं सांगू? आयुष्यात मला इतकं गोड काही वाटलं नव्हतं.

तो तणतणत उतरला. "कोणी रोवलंय हे धूड इथे?"

फुटपाथवर नर्स उभी होती. "माझ्या दादाने," ती म्हणाली. "तुम्ही कापून नेलं होतं ना, तेच आहे."

त्याची नजर तिच्या कुबडीवर गेली. मला त्याची कीव आली नाही. अजूनही येत नाही.

समोरच्या कोपऱ्यावर मात्र खांब नाही. तिथून रोज शाळेच्या सायकली जातात, गाड्या त्यांच्या अंगावर वळतात आणि मी इथून नुसता बघत राहतो. मित्रांनो, मला रंग लावू नका, माझे गोडवे गाऊ नका. समोर माझा एक भाऊ उभा करा. आणि त्याला कापायला कोणी आलंच, तर त्याच्या आडवे या.