कपाटातली दवंडी

बाबा कपड्यांच्या कपाटात उभे होते आणि आई बाहेरून विचारत होती, "जेवण आतच आणून देऊ का?"

"आवाज करू नकोस," बाबा आतून म्हणाले. "रेकॉर्डिंग चालू आहे."

"जन्मभर गावात ओरडून झालं. आता माझ्या कोटांना सांगा."

कपाटाची कल्पना माझी होती. खोलीत आवाज घुमत होता, आणि लोकरीचे जाड कपडे तो घुमारा पिऊन टाकतात हे मला ऑफिसात शिकायला मिळालं होतं. मी दार किलकिलं करून फोन आत धरला होता. रविवारची दुपार होती, ऊन गादीवर येऊन पडलं होतं, आणि कपाटातून उबदार, जुन्या लोकरीचा वास येत होता.

बाबांचं काम सांगण्याचं. एका छोट्या गाडीच्या छपरावर भोंगा, आत माईक घेऊन बाबा. पाणी कधी बंद, लस कुठे मिळणार, सभा किती वाजता, मत कोणाला द्यायचं. निवडणुकीच्या दिवसांत जो पैसे देईल त्याच्यासाठी ते बोलायचे. "सकाळी एकाचा विजय निश्चित, दुपारी दुसऱ्याचा," ते सांगायचे. "संध्याकाळी पडलेला असायचा तो फक्त माझा घसा." पुढे नगरपालिकेने भोंगे बंद केले. गाडी विकली गेली. निरोप फोनवर जायला लागले, आणि ते लिहून पाठवणाऱ्या ऑफिसात मला नोकरी लागली. बाबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. "धंदा घरातच राहिला," म्हणाले.

आता सुनावणी होती नदीवरच्या पायपुलाची. अलीकडे घरं, बेकरी, धोब्यांच्या खोल्या. पलीकडे शाळा आणि दवाखाना. पूल जुना झाला म्हणून पाडायचा, नवा बांधायचा नाही, असा प्रस्ताव होता. गाड्यांचा मोठा पूल आहेच, असं त्यात लिहिलं होतं; पण तो इतका लांब की गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथवर जावं तरी कसं. नियम एकच होता: हरकत तोंडी हवी. सभागृहात यायचं, उभं राहायचं, बोलायचं. कोणीच बोललं नाही तर प्रस्ताव मंजूर.

वाचनालयाच्या वेळी हेच झालं होतं. हजारो लोकांनी फोनवर 'वाचनालय हवं'च्या खाली अंगठा दाबला. सभागृहात पंख्यांखाली रिकाम्या खुर्च्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हरकत कोणाची?" जरा थांबल्या, आणि फाइल मिटली. तिथे आता गाड्या उभ्या असतात.

"लोकांना वाटलं, आपण सांगितलं," मी तेव्हा घरी म्हणाले होते.

"सांगितलंच की. पण प्रत्येकाने आपापल्या खिशात. भोंगा वाजला की ही बाई खिडकीत यायची, समोरची पण यायची. दोघींनी एकमेकींना ऐकताना पाहिलं, की 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय संपली."

"आणि भोंग्यावरून थापा किती जायच्या, बाबा?"

"ढीगभर. पण थापेला खिडकीतून उत्तर यायचं. एकदा बादलीभर आलं."

म्हणून मीच सुचवलं होतं, निरोप लिहून नको, तुमच्या आवाजात पाठवू. त्यांनी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि तिसऱ्या दिवशी दाढी करून आले. आवाजासाठी दाढी कशाला, आईने विचारलं. "सवय," म्हणाले.

पण कपाटात आवाज लागेना. तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा ते शाळेत धडा वाचल्यासारखे वाटत होते. "उभ्या उभ्या नाही जमत," ते म्हणाले. "गाडी चालू पाहिजे." मग ते आतल्या आत डुलायला लागले, खड्ड्यांच्या रस्त्यावर माणूस डुलतो तसे. हँगर एकमेकांवर किणकिणले. आणि एकदम आवाज आला, जो मी लहानपणी तीन गल्ल्यांपलीकडून ओळखायची.

"नागरिकहो, खिडकीशी या. गुरुवारी दुपारी, नगरपालिकेच्या सभागृहात, पायपुलाची सुनावणी आहे. पूल ठेवायचा की पाडायचा, हे तुम्हाला विचारणार आहेत. तुम्हालाच."

इथे ते थांबले. गल्लीचं वळण आलं की ते असेच थांबत. गाडी हळू होई, लोकांना काही विचारायचं असे. कपाटात वळण नव्हतं आणि लोकही नव्हते. तरी ते थांबले, आणि मग शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "हो ताई, तुम्हीच." पुन्हा थांबले. "नाही, कागद नाही लागत. तोंड लागतं." पुन्हा. "बाळाला घेऊनच या की. पूल त्यालाच जास्त दिवस लागणार आहे."

"बाबा, कोण विचारतंय?" मी हसत दार उघडलं.

ते आईच्या कोटाची बाही खांद्यावर घेऊन उभे होते, कपाळावर घाम. "विचारतात," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं, माझ्या चहाला नावं ठेवली आणि कप धुऊन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी आणखी एकदा घेऊ, घसा मोकळा करून, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत. उशीवर उजवा हात होता, बोटं माईक धरल्यासारखी मिटलेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

त्यानंतरचं मला पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. मी नातेवाइकांना आणि गल्लीत सगळ्यांना कळवलं. म्हणजे लिहिलं. एक वाक्य, नीट स्वल्पविराम वगैरे देऊन, आणि पाठव म्हणून दाबलं. फोन आले ते मावशीने घेतले. मी कोणाशी त्याबद्दल बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही, कारण भेटणाऱ्या प्रत्येकाने ते आधीच वाचलेलं असायचं. ते माझा हात धरायचे आणि मी मान हलवायची.

बुधवारी ऑफिसात गेले. आवाजाचं काम पाहणाऱ्याला आमच्याकडे सगळे कात्री म्हणतात, कारण तो जे मिळेल ते कापतो. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "साहेब म्हणतायत, गेलेल्या माणसाचा आवाज नको, लोक दचकतील. आपल्या मशीनवाल्या बाईचा लावू. तिला सर्दी पण होत नाही." मग माझ्याकडे पाहून घाईने, "पण ठरव तू. साहेबच म्हणाले, तूच ठरव."

"आहे तेवढा किती मोठा आहे?"

"लांबच लांब आहे. मधे नुसत्या मोकळ्या जागा. त्या काढल्या तर अर्धा होतो." त्याने लाट दाखवली: आवाजाचे डोंगर, आणि मधे सपाट, शांत मैदानं. "इथे ते कोणाशी बोलतायत?"

मी खुर्चीतून उठले. ती फाइल घेऊन घरी आले आणि आईला ऐकवली. आई भाजी चिरत होती. कपाटाचं दार अजून तसंच किलकिलं होतं. बाबा म्हणाले, "तुम्हालाच." मग शांतता. हँगरची बारीक किणकिण. त्या शांततेत आई सुरी थांबवून म्हणाली, "मी पण?"

"हो ताई, तुम्हीच," फोनमधून बाबा म्हणाले.

आईने चिरलेली भाजी सुरीने बाजूला सारली. मग म्हणाली, "ताई काय ताई. बायको आहे मी," आणि चिरायला लागली.

मी कात्रीला लिहिलं, काही कापू नकोस.

गुरुवारी सकाळी निरोप निघाला तेव्हा मी मुद्दाम रस्त्यावर होते. इतके फोन एका दमात वाजत नाहीत. निरोप वस्तीवस्तीने, थोडा थोडा पोचतो. हे मला माहीत होतं, मी रोज हेच काम करते. पण त्याचा आवाज कसा होईल याचा कधी विचार केला नव्हता. धुकं होतं. आधी बेकरीच्या आतून, पिठाच्या हातांनी दाबलेल्या फोनमधून, बाबा म्हणाले, "नागरिकहो, खिडकीशी या." मग वरच्या मजल्यावरून. मग पुढच्या वळणावरून, जरा दबके, जसे गाडी तिकडे वळल्यावर व्हायचे. मी चालत राहिले आणि ते माझ्या थोडे पुढे चालत राहिले. धोब्यांच्या खोल्यांत वाफ होती आणि वाफेत ते होते. पुलावर एक नर्स रात्रपाळी करून येत होती, तिच्या खिशात ते होते.

आणि लोक खरंच खिडकीशी येत होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आवाजच तसं सांगत होता. एका खिडकीतल्या बाईने समोरच्या खिडकीतल्या बाईला पाहिलं.

"तुला पण आलं?"

"आलं. मी म्हटलं, मला कोण बोलावतंय, तर म्हणतो कसा, हो ताई तुम्हीच!"

"अगं, मला पण तेच म्हणाला."

"म्हणजे दोघींना जावं लागणार."

"जाऊ की. नाहीतर तू म्हणशील, ही आली नाही."

मी पुलाच्या मध्यावर उभी राहिले. खाली पाणी चालल्याचा आवाज येत होता, दिसत नव्हतं. पलीकडच्या काठावर निरोप आता पोचत होता; बाबा लहान, लहान होत शाळेच्या मागे गेले. मला त्यांच्यामागे पळत जावंसं वाटलं. पण मला दुपारी सभागृहात खुर्च्यांवर क्रमांक लावायचे होते.

त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक भिंतींना टेकून उभे राहिले. बेकरीवाली पिठासकट आली होती. एका म्हाताऱ्याने गुडघा धरत पलीकडच्या बाजूने पूल ओलांडला होता. बाळं तर इतकी होती की अध्यक्षबाईंना दोनदा माईक ठोकावा लागला. मी भिंतीशी उभी होते, माझ्या नेहमीच्या जागी. आमच्या ऑफिसचं माणूस खुर्च्यांवर क्रमांक लावतं आणि मग तिथे फक्त पाहायला असतं. वाटलं, झालं. लोक आले.

प्रस्ताव वाचला गेला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "हरकत कोणाची?"

कोणी उठेना.

सगळे एकमेकांकडे पाहत होते, मग दाराकडे. मला आधी काही कळेना. मग माझ्या पुढच्या रांगेतली ती खिडकीवाली बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "ते कुठे आहेत? बोलावणारे?"

"येतील की. त्यांनाच चांगलं बोलता येतं. आपण काय बोलणार?"

ही कुजबुज रांगेरांगेतून गेली. येतील. तेच बोलतील. आमच्या गल्लीबाहेर बाबांचा चेहरा कोणालाच माहीत नव्हता, गाडीच्या काचेआड कोण बसतं ते कोण पाहतं. त्यांना आवाज माहीत होता, आणि आवाज सकाळी ठणठणीत होता. ज्याने बोलावलं तो पहिल्यांदा उठेल, मग आपण, असं सगळ्यांनी न ठरवता ठरवलं होतं. घरी बसून अंगठा दाबला होता तसेच ते आता इथे येऊन बसले होते, इतक्या जवळ जवळ, आणि तरी कोणी बोलत नव्हतं.

"हरकत कोणाची?" अध्यक्षबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनाही हे आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "मला थांबता येतं, पण किती थांबू? कोणी बोलणार नसेल तर मी बंद करते."

भिंतीपासून माईकपर्यंत जायला वाट नव्हती. लोकांनी गुडघे बाजूला घेतले. कोणीतरी बाळ उचललं. बेकरीवालीने माझ्या दंडाला हात लावला आणि तिच्या पिठाचा ठसा माझ्या बाहीवर उमटला. माईकची उंची माझ्यासाठी जास्त होती. मी तो खाली घेतला नाही, टाचा उंचावल्या. हे सगळं कोणी दुसरीच करतेय आणि मी पाहतेय, असं वाटत होतं.

"आपण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सकाळी ज्यांनी तुम्हाला बोलावलं, त्यांची मुलगी," मी म्हणाले. माझा आवाज भोंग्यातून वर गेला आणि छताला लागून परत माझ्याकडे आला. मला तो ओळखू आला नाही. "तुम्ही त्यांची वाट बघताय. ते येणार नाहीत."

"बरं नाही का त्यांना?" मागून कोणीतरी विचारलं. अगदी मायेने, वळणावर थांबलेल्या गाडीला विचारावं तसं.

मी थांबले. सभागृहही थांबलं. त्या मोकळ्या जागेत मला कोणी घाई केली नाही.

"बाबा गेले," मी म्हणाले. "सोमवारी. माझे बाबा गेले."

मग मी श्वास घेतला, आणि म्हणाले, "मला तो पूल हवा आहे. माझी हरकत आहे."