उशिरा बोलणारी पट्टी

बायको सुकन्या गेल्याची बातमी आली तेव्हा माणिकप्पा लातूरच्या चर्चच्या अंगणात भामाबाईशी भांडत होता. भांडण सतरंज्यांचं होतं. चौथ्या रविवारच्या गाण्यासाठी त्याने सतरंज्यांना ऊन दाखवलं, मग त्या काठीने झोडपल्या, आणि सगळी धूळ शेजारच्या भामाबाईच्या सांडग्यांवर जाऊन बसली.

"भाऊजी, वारा कुठून येलालाय ते बी कळंना व्हय तुमाला?" भामाबाई म्हणाली. "आता हे सांडगे तुमालाच तळून घालते."

"घाला की. एक दिवस समद्यांचीच माती व्हायची हाय," माणिकप्पा म्हणाला, आणि आपल्या विनोदावर आपणच हसला.

तेवढ्यात चर्चचे पाळकसाहेब घरातून बाहेर आले. त्यांच्या पायात चपला नव्हत्या. नांदेडहून सुकन्याच्या भावाचा फोन होता. सकाळी चहा पिता पिता तिच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पाळकसाहेबांनी हे सांगून माणिकप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. माणिकप्पा म्हणाला, "एवढी सतरंजी सरळ करतो आन येतो." आणि त्याने ती खरोखर सरळ केली. चारी कोपरे ओढले. भामाबाईने हातातली काठी काढून घेतली तेव्हा कुठे तो थांबला.

त्याचं मातीबद्दलचं वाक्य भामाबाईने नंतर कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. ते त्याच्याच कानात वाजत राहिलं, आणि माणिकप्पाच्या कानात सहसा काहीच नीट वाजत नसे.

नगरपालिकेत त्याचा जन्म पाणी सोडण्यात गेला होता. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं हे त्याच्या हातात असूनही ते कधी वेळेवर सुटलं नाही, असं लोक म्हणत. गाण्यातही तसंच. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला तो गायनमंडळात उभा राहिला. उपासना संपल्यावर सुकन्या त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, तुमचं देवाला ऐकू जातंय. माणसांना कशाला तरास?" तेव्हापासून तो सतरंज्या घालायचा, सुकन्याची बाजाची पेटी उचलायचा, आणि गाणं चालू असताना शेवटच्या सतरंजीवर बसून डुलक्या घ्यायचा. त्याची काही तक्रार नव्हती. मंडळीचीही नव्हती.

चौथा रविवार सुरू झाला तो भूकंपामुळे. किल्लारीकडे मदतीचा ट्रक निघाला तेव्हा सुकन्याने ब्लँकेटं आणि ज्वारीच्या पोत्यांबरोबर चर्चची पेटीही चढवली.

"लोकांची घरं पडली आन तू पेटी नेलालीस?" माणिकप्पाने विचारलं होतं.

"ज्वारी खाऊन झाल्यावर काय करतील?" ती म्हणाली.

पत्र्याच्या शेडमध्ये तिने पेटी मांडली. पहिल्या संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या खेपेला दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या. येशूची भजनं झाली, मग म्हाताऱ्यांनी आपल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, सुकन्याने त्यांनाही पेटीची साथ केली. पुढे लोक पक्क्या घरांत गेले आणि ती गाणी लातूरला चर्चच्या अंगणात आली. दर महिन्याचा चौथा रविवार, कोणीही यावं, फुकट ऐकावं.

पेटी मात्र परतीच्या प्रवासात कशाखाली तरी दबली. मधली एक काळी पट्टी बिघडली. दाबली की ती लगेच वाजत नसे. आधी नुसती हवा खायची, मग सावकाश बोलायची. तोवर सुकन्या थांबायची, म्हणून गायनमंडळही थांबायचं. वर्षं गेली. नवीन पोरीबाळी गायला आल्या, त्यांना वाटलं की चालच तशी आहे. आजूबाजूला कोचिंग क्लासेस उगवले, पोरांची होस्टेलं झाली. चौथ्या रविवारी ती पोरंही येत, कारण इथे कोणी मार्क विचारत नसे. त्यांना तर ही थांबायची जागा सगळ्यात जास्त आवडे. तिथे ती एक टाळी वाजवत.

क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे अंबरीश सर एकदा आवाजाची तक्रार घेऊन आले होते. त्यांना पेटी येते असं बोलण्यात कळल्यावर सुकन्याने त्यांना चहा दिला आणि कोरसचे सूर धरायला बसवलं. तक्रार तशीच राहिली. सर वर्षातून दोनदा, परीक्षा नसल्या की, घरची पेटी घेऊन येत, पण थांबायची जागा कधी त्यांच्या वाट्याला येत नसे.

मग नांदेडच्या चर्चचं बोलावणं आलं. तिथले लोक त्या थांबण्याला हसतील म्हणून सुकन्या पेटी घेऊन एसटीने नांदेडला गेली, पेट्या दुरुस्त करणाऱ्या हरिओमच्या दुकानात टाकली, आणि भावाकडे मुक्काम केला. तिथूनच ती परत आली नाही.

दफनविधी झाला. चर्चच्या पंचांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं की आता गाण्याचं काही दिवस राहू द्यावं. माणिकप्पाने ते ऐकलं. रविवार एकदा राहिला की राहिलाच, आणि मग तिचं असं काय उरणार, एवढंच त्याला कळलं. तो कबरीपाशीच मोठ्याने म्हणाला, "पुढचा चौथा रविवार चुकणार न्हाई. आन ती म्हणायची ते शेवटचं गाणं मी म्हणीन."

रडणारी माणसं रडायची थांबली. भामाबाईने पदराआडून पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी आभाळाकडे पाहिलं.

महिनाभर तालीम नुसत्या तबल्यावर झाली. अंबरीश सरांना क्लासमुळे वेळ नव्हता, ते एकदम रविवारी येणार होते. पेटी अजून नांदेडलाच होती. माणिकप्पा रोज उद्या जातो म्हणायचा. शेवटी शनिवारी तो गेला. हरिओमने पेटी पुढे ठेवली.

"भाता शिवलाय काका. पट्टीला हात लावला न्हाई. बाई म्हणाल्या होत्या, पट्टीचं परवा येऊन सांगते."

माणिकप्पाने त्या पट्टीवरून बोट फिरवलं. तिला काय सांगायचं होतं ते त्याला काय माहीत. पण बायकोच्या आठवणीचा कार्यक्रम, आणि पेटी बिघडलेली? त्याला ते बरं वाटलं नाही.

"समदं नव्यासारखं करा," तो म्हणाला.

हरिओमने करून दिलं, वाजवूनही दाखवलं. माणिकप्पाने जाणकारासारखी मान हलवली. त्याला आधीचं आणि आताचं सारखंच ऐकू आलं होतं.

रविवारी परत येताना एसटी अहमदपूरला पंक्चर झाली. पेटी मांडीवर घेऊन तो अंगणात पोचला तेव्हा सतरंज्या भरल्या होत्या. सर पेटीवर बसले. त्यांनी पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "वा काका, एकदम मोकळी झाली."

पहिलं गाणं सुरू झालं. ती जागा आली. गायनमंडळ सवयीने थांबलं. पेटी थांबली नाही, ती पुढे निघून गेली. पोरांची टाळी भलत्याच ठिकाणी पडली. गायनमंडळ मागून धावलं, अर्धं पेटीला गाठायला, अर्धं तबल्याला. सर घाबरून मागे आले, तोवर बायका पुढे गेल्या होत्या. कोणीतरी हसलं, मग सगळेच. माणिकप्पाही हसला. आपणच हा उद्योग करून ठेवलाय हे त्याला हसताना कळलं, पण तोंड बंद व्हायला उशीर झाला.

भामाबाईने हात वर केला. "सर, जरा थांबत जावा तिथं."

"काकू, पट्टी दुरुस्त झालीये. आता थांबायची गरज नाही."

"पेटीला नसंल. आमाला हाय."

सरांनी घाम पुसला. "बरं. किती थांबायचं?"

तबलेवाला म्हणाला दोन मात्रा. भामाबाई म्हणाली, एक श्वास भरून. पोरं म्हणाली, टाळी वाजेपर्यंत. सरांनी तिन्ही करून पाहिलं. कोणालाच ते पटलं नाही, आणि का पटलं नाही तेही सांगता येईना.

शेवटच्या सतरंजीवरून माणिकप्पा उठला. "मी सांगतो," म्हणाला.

गायनमंडळाचे चेहरे पडले. सगळ्यांना वाटलं, आता हा गाणार.

तो गायला नाही. पेटीशेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने फक्त बोट वर धरलं. सरांनी सुरुवात केली. ती जागा आली. बोट वर होतं तोवर सगळे थांबले. बोट खाली आलं आणि पेटी, तबला, बायका, सगळं एकदम पुढे गेलं. टाळी जिथल्या तिथे पडली.

"काका, हे कसं जमलं?" सरांनी गाण्यातच विचारलं.

माणिकप्पाचं बोट पुढच्या जागेसाठी वर गेलं होतं. ती पट्टी हवा खात असे तेवढ्या वेळात सुकन्या मान वर करून शेवटच्या सतरंजीकडे बघायची, हा झोपला की काय ते पाहायला. बरोबर तेव्हा त्याला जाग यायची. तिची मान खाली जाईपर्यंत तो डोळे ताणून बसायचा. ताल त्याला आयुष्यात कळला नाही, पण एवढं माप त्याच्या अंगात होतं.

उरलेली गाणी तशीच झाली. शेवटचं आलं. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. माणिकप्पाने तोंड उघडलं. सतरंज्यांवर खोकणारेसुद्धा गप्प झाले. हवा आत गेली, छाती भरली, आवाज काही आला नाही. कितीतरी वेळ तो तसाच उभा राहिला. शेवटी भामाबाईने पहिली ओळ उचलली आणि बाकीच्यांनी तिला गाठलं.

"भाऊजी, देवाला ऐकू गेलं," सतरंज्या गुंडाळताना ती त्याला म्हणाली.

"लवकर आटपलं म्हणून खूश झाला आसंल," माणिकप्पा म्हणाला.

चौथा रविवार अजून चालू आहे. पेटी आता कधीच उशीर करत नाही. उशीर करायचं काम माणिकप्पाकडे आहे, आणि भामाबाई नव्या पोरींना सांगते की मंडळीत एकच खराब पट्टी होती, ती पेटीतून काढून भाऊजींच्या अंगात बसवली. नांदेडलाही एकदा गाऊन झालं. तिथले लोक हसले. पुढच्या खेपेला त्यांनीही टाळी वाजवली.

शेवटचं गाणं मी म्हणीन, असं तो कबरीपाशी म्हणाला होता. ते अजून म्हणायचं राहिलं आहे.