वर लाथ, खाली बुक्की

"काका, ह्या खेपेला नक्की. तारीखच दिलीय."

किरणने मोबाइल वादिराजच्या थेट नाकासमोर धरला. वादिराजच्या मांडीवर कुणाच्या तरी मिक्सरची मोटर उघडी पडली होती. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा मोटरीत डोकं घातलं.

"गेल्या गणपतीतही नक्की होतं की. त्याच्या आधी पाडव्याला."

"त्या अफवा होत्या. ह्या वेळी हक्कवाल्या दोघांचं जमलंय, नव्या कंपनीनं स्वतः सांगितलंय. जुन्या बारा गेमांचा एक संच काढालेत, त्यात आपला जपानी आहे. घरच्या टीव्हीवर, सोफ्यावर बसून खेळायचा."

किरण चाळिशीला आलेला, बँकेत कारकून, दोन मुलींचा बाप. शाळा बुडवून ज्या दुकानात त्याने सातवी-आठवी काढली ते हुबळीच्या कमरीपेठेतलं वादिराजचं हेच दुकान. तेव्हा इथे टोकन टाकून खेळायची आठ व्हिडिओ गेम मशिनं होती आणि बाहेर चपलांचा ढीग असायचा. मग लोकांच्या हातात मोबाइल आले. मशिनं एकेक करून गेली, आणि त्यांच्या जागी मिक्सर, पंखे, टीव्हीचे रिमोट दुरुस्तीला येऊन बसले. राहिलं ते कोपऱ्यातलं एकच मशीन. मारामारीचा जपानी गेम. पडद्यावर येणारं नाव कुणालाच वाचता येत नसे, म्हणून सगळे त्याला नुसतं जपानीच म्हणत. आतल्या लढवय्यांचं बारसंही कमरीपेठेतल्या पोरांनीच केलेलं. दाढीवाला, काठी फिरवणारा म्हातारा तो अज्जा, आणि हातात पंखा घेऊन उड्या मारणारी बाई ती अक्का.

हा गेम घरी खेळायला कधीच मिळाला नव्हता. बनवणारी कंपनी बुडाली, हक्क दोघांकडे वाटले गेले आणि त्या दोघांचं आपसांत पटेना. जपानमधली ही भाऊबंदकी किरणला शेजारच्या घरातली असावी तशी तोंडपाठ होती. दर वर्षी तो नवी बातमी घेऊन यायचा, दर वर्षी ती खोटी ठरायची आणि तो हळहळायचा.

वादिराजला मात्र दर वेळी हायसं वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं होतंही कुठे? एक गेम सगळ्या जगाच्या घराघरांत जाऊ नये असं हुबळीतल्या एका मिक्सरवाल्याला वाटतं, हे ऐकून कुणीही हसलं असतं. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण दर रविवारी सकाळी दहा वाजता दुकानाची पायरी चढायचं.

त्याचा थोरला भाऊ श्रीहर्ष. वादिराज त्याला अण्णा म्हणायचा. म्हणजे बोलत होते तोवर म्हणायचा. अकरा वर्षं झाली, दोघांत शब्द नव्हता. अप्पा, त्यांचे वडील, धाकट्यापाशी कमरीपेठेत राहत. वादिराजचं लग्न करायचं राहून गेलेलं, त्यामुळे घरात दोघंच. एके दिवशी दुपारी अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. श्रीहर्ष तेव्हा धारवाडला पाटबंधारे खात्यात होता. त्याला फोन गेला तो दोन तास उशिरा, आणि तो पोचला तेव्हा अप्पा राहिले नव्हते. "मला वेळेवर कळवायचं सुद्धा नाही?" एवढंच तो चार माणसांदेखत म्हणाला होता. तेरावं झालं आणि बोलणं थांबलं.

पण पुढच्याच रविवारी श्रीहर्ष दुकानात आला. मशीन आल्यापासून रविवारी जपानी खेळायची सवय, तिला कोण काय करणार? गल्ल्यावरच्या वाटीतलं एक टोकन त्याने उचललं, मशीनमध्ये टाकलं आणि उजव्या बाजूला उभा राहिला. वादिराज हात पुसून डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. तीन डाव झाले. खांद्याला खांदा लागत होता आणि दोघांचेही डोळे पडद्यावर होते. श्रीहर्ष अज्जाला घेऊन खेळायचा, वादिराज अक्काला. तिसरा डाव संपला की श्रीहर्ष चपला घालून निघून जायचा. हे असं अकरा वर्षं चाललं होतं. मशीन होतं म्हणून भाऊ येत होता. गेम उद्या त्याच्या उणकलच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या स्वतःच्या टीव्हीवर आला, तर तो कमरीपेठेत कशाला पाय टाकेल?

त्यात मशीनचं दुखणं वेगळंच होतं. आतल्या बोर्डावर एक छोटी बॅटरी होती. तिच्यावरच गेमची आठवण टिकून राहायची. ती संपली की गेम कायमचा पुसला जायचा. दर पाच वर्षांनी वादिराज ती बदलायचा. जुनी काढून नवी कथलाने डाकायची, आणि तेवढ्या वेळात एका बारीक वायरीने वीज चालू ठेवायची. वायर क्षणभर जरी सुटली तरी खेळ खलास. पाच वेळा त्याने श्वास रोखून हे पार पाडलं होतं. यंदा सहावी खेप होती, आणि गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात कापत होता. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं काहींना, काळजीचं काही नाही. डॉक्टरांना काय, त्यांना बॅटरी डाकायची नव्हती.

"दुसऱ्या कुणाला तरी द्या की काका," किरण म्हणाला होता.

"तीस वर्षं मी केलंय," वादिराज म्हणाला, आणि तो विषय तिथेच मिटला.

बुधवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो बसला. कोपर टेबलावर टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. जुनी बॅटरी निघाली. नवी जागेवर ठेवली, डाकणाचा तापलेला दांडा उचलला, आणि नेमका तेव्हाच हात हलला. वायर सुटली. आवाज नाही, ठिणगी नाही, काहीच नाही. त्याने ती घाईने परत टेकवली, उगीचच. मशीन चालू केलं तर पडदा काळा. बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळाच. तो बराच वेळ तसाच स्टुलावर बसून होता. रडू आलं त्याला, मशीनसाठी नाही. रविवार चार दिवसांवर होता म्हणून.

रविवारी दहाला श्रीहर्ष आला. टोकन उचललं, मशीनपाशी गेला आणि काळ्या पडद्यासमोर थबकला. मग त्याने वळून भावाकडे पाहिलं. वादिराजने उजवा हात खिशात घातला. अण्णा काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. पण त्याने टोकन वाटीत ठेवलं, कडेला लागून वाटी वाजली, आणि तो पायरी उतरून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वादिराज मात्र दहाला हात पुसून तयार असायचा, आणि अकरा वाजले की स्वतःवरच चिडून मिक्सर उघडायचा.

ठरलेल्या तारखेला गेम खरोखरच बाजारात आला. किरण चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची पुडी घेऊन ही आनंदाची बातमी द्यायला धावत आला.

"अगदी तसाच आहे, काका. अज्जाची काठी, अक्काचा पंखा, आवाजसुद्धा तोच. फक्त बटणं उलटी. पहिल्या दिवशी माझ्या धाकटीनं मला धुतलं."

बटणांची कथा अशी. मशीन आलं तेव्हा वादिराज पंचविशीचा होता. सोबतचा कागद जपानीत, आणि उत्साह दांडगा. त्याने एका दुपारीत सगळ्या वायरी जोडून टाकल्या. सगळ्या जगात वरची बटणं बुक्कीची आणि खालची लाथेची. ह्याने जोडली वर लाथ, खाली बुक्की. महिन्याभराने पुण्याहून आलेल्या एका कॉलेजकुमाराने ही चूक दाखवली, तेव्हा वादिराज लाजेने पाना घेऊन बसला होता. श्रीहर्षनेच त्याला अडवलं. "राहू दे रे. सगळ्यांचे हात बसलेत आता." तेव्हापासून कमरीपेठेत उलटंच सुलट झालं.

"मग आता?" वादिराजने विचारलं.

"आता काय? सेटिंगमध्ये जाऊन बदलून टाकली. दोन मिनिटांचं काम. तुम्ही या की घरी खेळायला."

वादिराज हो म्हणाला आणि गेला नाही. किरणशी खेळून त्याला काय मिळणार होतं?

त्यानंतरच्या रविवारी, साडेनऊच्या सुमाराला, त्याचा फोन वाजला. पडद्यावर अण्णा असं नाव होतं. अकरा वर्षांत ते नाव कधी उजळलं नव्हतं, पण त्याने ते पुसलंही नव्हतं. फोन उचलायला त्याला दोन प्रयत्न लागले.

"बटणं उलटी आहेत," पलीकडून श्रीहर्ष म्हणाला. हालहवाल नाही, काही नाही.

"कसली?"

"जपानीची. पोरानं बेंगळुरूहून पाठवलाय तो गेम. लाथ मारायला जातो तर बुक्की बसालीय. तूच करून ठेवलेलं आहेस हे, तूच येऊन निस्तर."

हे दोन मिनिटांचं काम आहे, सेटिंगमध्ये जाऊन होतं, असं वादिराजने सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडातून निघालं, "अवजारं घेऊन येतो."

आणि खरंच त्याने पिशवीत पाने, पक्कड, वायरीचं भेंडोळं असा सगळा संसार भरला. धुतलेला शर्ट घातला. हुबळी-धारवाडच्या चिगरी बसमध्ये खिडकीपाशी बसून तो उणकलपर्यंत एकच विचार करत होता की ह्या अवजारांचं तिथे करायचं काय.

दार सुशीलावहिनींनी उघडलं. "बर्री बर्री, आत या. केवढे वाळलात हो भावजी." श्रीहर्ष टीव्हीसमोर सोफ्यावर बसला होता. त्याने मान नुसती हलवली. वहिनींनी पाणी द्यायच्या निमित्ताने वादिराजला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांगते, पण मी सांगितलं म्हणू नका. परवाच बदलली होती बटणं त्यांनी. दिवसभर बसून शोधून काढलं. काल दिवसभर वर लाथ, खाली बुक्की करत एकटेच खेळत होते. आज सकाळी उठून सगळं परत उलटं केलं आणि मग तुम्हाला फोन लावला."

वादिराजने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. छातीवर अकरा वर्षं बसलेलं काहीतरी उठून बाजूला झालं. त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि वहिनींसमोर दोन्ही बरं दिसलं नसतं.

बाहेर येऊन त्याने पिशवी उघडली, पक्कड आणि पाना टीपॉयवर ओळीने मांडला, चष्मा लावला आणि रिमोटसारखा तो खेळायचा दांडका हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"अवघड आहे काय?" श्रीहर्षने विचारलं.

"थोडं आहे," वादिराज म्हणाला. "वेळ लागेल."

"लागू दे."

दोन मिनिटांच्या कामाला त्याने पाऊण तास लावला. श्रीहर्षने एकदाही घाई केली नाही. मग दोघांनी एकेक दांडका घेतला. पडद्यावर अज्जा आला, अक्का आली. वादिराज सोफ्यावर टेकला, पण त्याला काही जमेना. शेजारी अण्णाचीही चुळबुळ चालली होती. शेवटी श्रीहर्ष उठून टीव्हीसमोर उजव्या बाजूला उभा राहिला. वादिराज डाव्या बाजूला. खांद्याला खांदा लागला.

पहिला डाव चालू असतानाच वादिराज बोलला. पडद्याकडे बघत बोलणं सोपं होतं.

"अप्पाच म्हणाले होते, त्याला एवढ्यात फोन करू नको. आज त्याच्या ऑफिसात तपासणी आहे, उगीच घाबरंघुबरं होऊन गाडी हाकत येईल. मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं, अण्णा."

अज्जाची काठी हवेतच थांबली. अक्काने तेवढ्यात एक लाथ मारून घेतली.

"तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"मेलेल्या माणसावर कसं ढकलू?"

"त्यांचंच बोलणं वाटतंय हे," श्रीहर्ष म्हणाला. "तपासणीला माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरायचे." मग त्याने नाक ओढलं, आणि अज्जा पुन्हा हलला.

वादिराजचा उजवा हात कापत होता. आता तो खिशात लपवायला मोकळा नव्हता. श्रीहर्षची नजर एकदा त्या हाताकडे गेली आणि पडद्यावर परतली. वादिराजला धास्ती वाटली ती एकाच गोष्टीची, की आता अण्णा कीव करील, हात आखडता घेईल, आणि मग पुढच्या प्रत्येक रविवारी दोघं जण खेळायचं नाटक करत राहतील.

श्रीहर्षने अक्काला कोपऱ्यात कोंडलं आणि काठीने बडव बडव बडवलं. तिन्ही डाव त्याने जिंकले, शेवटचा तर एक ओरखडाही न पडता.

"हरलास," तो म्हणाला.

"होय की," वादिराज म्हणाला. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"अजून एक?"

वहिनी चहा घेऊन आल्या. "अहो, एवढा सोफा आहे, बसून तरी खेळा," त्या म्हणाल्या. टीपॉयवरची पक्कड आणि पाना त्यांनी बाजूला सारला, दोन कप ठेवले आणि थोडा वेळ वाट पाहिली. कुणीच बसलं नाही. शेवटी त्या स्वतःच त्या रिकाम्या सोफ्यावर टेकल्या आणि टीव्हीला आड येऊन उभ्या राहिलेल्या त्या दोन पांढऱ्या डोक्यांकडे बघत राहिल्या.