दर पंधरा मिनिटांनी

मनीचे वडील कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात बॉयलर सांभाळतात. बावीस वर्षांत बॉयलर एकदाही फुटला नाही. काट्यावरचा दाब दर अर्ध्या तासाला बघायचा आणि वहीत लिहायचा, या शिस्तीचं ते फळ आहे असं त्यांचं म्हणणं. बॉयलरचं म्हणणं कुणी विचारलेलं नाही.

मनीची परीक्षा आठवड्यावर आली. तिला झोप लागेना, घास उतरेना. तेव्हा ते बायकोला म्हणाले, "दाबाचंच काम आहे ना? मग सोड माझ्यावर." त्यांनी रजा टाकली आणि येताना रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन आले. सोबत एक कोरी वही.

रसायनशास्त्राच्या सरांनी मनीला बजावलं होतं, "एक तरी सराव पेपर सलग तीन तास बसून सोडव. नाहीतर तिथे शेवटचे दोन प्रश्न राहिलेच म्हणून समज." ती चारदा बसली. चारही वेळा अर्ध्या तासाने दार वाजलं.

"हात."

"बाबा, मी लिहितेय."

"डावा दे. डाव्याने कुठे लिहितेस?"

पट्टा फुगायचा, मशीन गुरगुरायचं, आकडा वहीत जायचा. पहिल्या दिवशी एकशे अठरा होता, शनिवारी एकशे छत्तीस झाला. कारखान्याचा नियम असा की दाब चढू लागला की नोंद दर पंधरा मिनिटांनी करायची. नियम तो नियम. रविवारपासून दार दर पंधरा मिनिटांनी वाजू लागलं.

पेपर सोमवारी होता.

त्यात रविवारी सकाळी मामा तिला हसवायला आला. "टेन्शन घ्यायचंच नाही गं! मी परीक्षेच्या आदल्या दिवशी सिनेमाला जायचो."

"म्हणूनच तीनदा बसलास ना, मामा?"

आई पदराआड हसली. मामा पेपर वाचू लागला, आजचा की कालचा हेही न बघता.

अकरा वाजता मनीने घड्याळ लावलं आणि पाचव्यांदा सराव पेपर उघडला. सव्वाअकराला दार वाजलं, तिने हात दिला. साडेअकराला दार वाजलं तेव्हा ती एका समीकरणाच्या ऐन मध्यावर होती.

"एकशे अठ्ठेचाळीस," वडील चिंतेने म्हणाले. "बघ, वाढतोय. बरं झालं मी लक्ष ठेवून आहे."

मनीने पट्टा ओरबाडून काढला. मग वही उचलली आणि लिहिलेली सगळी पानं टराटरा फाडली.

बावीस वर्षांत नोंदवहीचं पान कुणी दुमडलंही नव्हतं.

"अक्कल आहे का तुला?" वडील ओरडले. "नोंद फाडतेस? मी कामधंदा सोडून कुणासाठी बसलोय इथे?"

"कुणी सांगितलं होतं बसायला? पाच वेळा पेपर उघडला मी, पाच! एकदाही निम्म्यापर्यंत पोचले नाही. उद्या नापास झाले तर लिहा वहीत, दाब अगदी छान होता म्हणून!"

"अगं, तुझ्या काळजीनेच ना..."

"तुमच्या बॉयलरची काळजी वाटली की काय करता? चालू असताना झाकण उघडून आत डोकावता?"

"वेडी आहेस का? चालू बॉयलरचं झाकण उघडणारा माणूस आयुष्यात एकदाच उघ..."

वडील थांबले. मामाने वाचत असलेला पेपर खाली केला.

"जा तुम्ही सगळे," मनी म्हणाली. "आता अकरा चाळीस झालेत. दोन वाजून चाळीस मिनिटांपर्यंत कुणी दाराला बोट जरी लावलं ना, तर बघा."

वडिलांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. आई ताट घेऊन आली, तिला हातानेच परत पाठवलं. मामा शिंकला, त्याला जिन्यात पाठवलं.

आत मनी दात आवळून लिहीत होती. पहिला अर्धा तास अक्षर इतकं दाबून येत होतं की मागच्या पानावर उमटत होतं. मग हळूहळू बाप डोक्यातून गेला, मामा गेला, आणि प्रश्न तेवढे उरले. शेवटचा प्रश्न तिने गाठला तेव्हा चौदा मिनिटं हाताशी होती. प्रश्न दीड पानांचा होता आणि त्यात विचारलेलं काहीही पुस्तकात नव्हतं.

"कोण मूर्ख काढतो हे पेपर!" ती मोठ्याने म्हणाली.

आठवडाभरात पहिल्यांदाच तिचा राग योग्य माणसावर होता. ती उत्तर लिहायला लागली.