कठड्यामागचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं ओकचं टेबल आहे. सध्या माझा मुक्काम मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, डॉक्टर सौमित्र यांच्या गॅरेजमध्ये, बर्फ हटवायच्या स्नो ब्लोअरच्या शेजारी. वय चारशेच्या आसपास. पाय चार, चारही शाबूत. तक्रार पायांबद्दल नाही.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. सुताराने मला चर्चसाठी घडवलं. मला मधोमध ठेवलं होतं. रविवारी अख्खं गाव माझ्याभोवती जमून प्रसादाचा पाव आणि वाइन घ्यायचं. कोणी माझ्यावर टोपी ठेवी, कोणी कोपर. मला ते आवडायचं.

मग चार्ल्स राजाला पार्लमेंटचा कंटाळा आला. सभा भरली की भांडणं होतात, म्हणून त्याने सभा भरवणंच सोडलं आणि अकरा वर्षं एकट्याने राज्य केलं. कर मात्र चालू होते. त्याच्या धर्मगुरूंचं फर्मान आलं: टेबल भिंतीला लावा, पुढे कठडा घाला, लोकांनी बाहेर गुडघे टेकावेत. का, तर कुत्री आत शिरतात. शिरत होती, खोटं कशाला बोलू? पण कठडा माणसांसाठी होता, हे कुत्र्यांनाही कळत होतं. विरोधात लिहिणाऱ्या काहींचे कान कापले गेले. पुढे गावाने कठडा जाळला, राजा आणि पार्लमेंटमध्ये लढाई पेटली, बाप एकीकडे नि मुलगा दुसरीकडे. शेवटी राजाचं डोकंही गेलं. मला पुन्हा मध्ये आणलं. काही वर्षांनी राजाचा मुलगा गादीवर बसला आणि माझी पाठ परत भिंतीला. नवा कठडा जुन्यापेक्षा देखणा होता.

फिरत फिरत अमेरिका आली. इथल्या एका जुन्या सामानाच्या विक्रीत वसुधाकाकूंच्या यजमानांनी मला उचललं. "गणपतीला शोभेल," म्हणाले. इथलं मराठी मंडळ या दोघांनीच सुरू केलेलं. दर गणेशोत्सवात शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये मी मधोमध, माझ्यावर बाप्पा आणि चारही बाजूंनी आरती. काकू उकडीच्या मोदकांचं ताट स्वतःच्या हाताने माझ्यावर ठेवायच्या. यजमान गेले, तरी ठेवत राहिल्या. मला वाटलं, संपला एकदाचा वनवास.

मग सौमित्र अध्यक्ष झाले. कोविडमध्ये त्यांनी जनरल बॉडीची सभा कॅन्सल केली, ती कॅन्सलच राहिली. वर्गणी मात्र ऑनलाइन झाली. यंदा नवे गुरुजी आले आणि मला भिंतीला लावून पुढे पांढरा कठडा घातला गेला. लहान मुलं धावतात, कोणी पडलं तर लायबिलिटी मंडळावर, असं कारण.

काकू ताट घेऊन कठड्याशी उभ्या राहिल्या. "सौमित्र, मी ठेवते की रे."

"काकू, पर्सनली घेऊ नका. गुरुजी म्हणतात, आत जोडप्यानंच यायचं."

"जोडपं आता कुठून आणू?"

सौमित्र फोन बघू लागले.

"डॅड, दॅट्स जस्ट क्रुएल," त्यांची मुलगी ऋता म्हणाली.

"ऋता, नॉट नाउ."

"मग सभा बोलाव," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना विचारू."

"सभा बोलावली की भांडणं होतात, काकू."

माझ्या फळीला बारीक तडा गेला. हीटिंगमुळे, असं नंतर ठरलं.

शेवटी ग्लोव्ह्ज घातलेल्या एका व्हॉलंटियरने कठड्यावरून ताट घेतलं. "काकू, नट-फ्री आहे ना? कोणाला अ‍ॅलर्जी असते."

त्या कठड्यावरून फूट पडली आणि दिवाळीपर्यंत एका मंडळाची दोन झाली. दोघांनीही प्लॅस्टिकची घडीची टेबलं घेतली आणि माझी रवानगी या गॅरेजमध्ये झाली. काकू कुठेच गेल्या नाहीत. परवा मात्र इथे गॅरेजमध्ये आल्या, मला घरी न्यायला.

"मंडळाच्या बोर्डाला विचारावं लागेल, काकू," सौमित्र म्हणाले.

"बोर्डात कोण कोण आहे?"

"सध्या मीच."

काकूंनी स्वेटरच्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसली, जेमतेम ताटाएवढी जागा. आणि गेल्या.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी मी तुमच्याकडे पॉलिश मागायला हवं. नको. जमलं तर मला भिंतीपासून ओढा आणि माझ्याभोवती उभे राहून मनसोक्त भांडा. लाकडाला भांडणाने काही होत नाही. तुम्ही ऐकाल असं वाटत नाही. तेव्हाही कोणी ऐकलं नव्हतं.

तो पांढरा कठडा माझ्यावरच आडवा ठेवलाय. पुढच्या वर्षी लागेल म्हणून त्याला बबल रॅप गुंडाळलंय. मी तसंच उघडं आहे.